ऑटिसचा उजवा हात

हेमलॉक रन, पेनसिल्व्हेनिया
११ सप्टेंबर १९७४

प्रिय एडना,

टाइप केलेलं पत्र बघून घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. कॅम्पच्या नोटिसा वाचता येतील अशा असाव्यात म्हणून आर्लीननं कुठल्याशा घरगुती लिलावातून हे यंत्र आणलंय. पैसे दिलेत तर वापरायला नको का?

मोंटानातली तुझी हवा कशी आहे? इकडे मेपल रंगायला लागलेत आणि सगळ्यांना डिसेंबरचे वेध लागलेत. यंदा हरणांच्या शिकारीचा मोसम दोन तारखेला सोमवारी उघडतोय. रविवारी दुपारपर्यंत सगळे वर डोंगरावर कॅम्पवर जमतील. पंचवीस वर्षं कॅप्टन असल्याच्या नात्यानं बीन्स खारट झाल्याच्या तक्रारी नेहमीप्रमाणे मी ऐकून घेईन.

आता मुद्द्याचं. रायफलींवरून आपण चाळीस वर्षं भांडतोय. माझी बोल्टवाली, तुझी लिव्हरवाली. माझं मत बदललेलं नाही. बोल्ट म्हणजे घराच्या दाराची कडी, वर उचलली, मागे ओढली, पुढे ढकलली, बसवली. बिघडायला आत काही नाही, साफ करायला पाच मिनिटं, आणि दोनशे यार्डांवर जिथे बघाल तिथेच गोळी. तुझ्या लिव्हरवालीच्या पोटात शिवणयंत्रापेक्षा जास्त सुटे भाग आहेत. तरीही एका माणसासाठी मला तुझा सल्ला हवाय. हे कबूल करताना माझं तोंड कडू झालंय याची नोंद घे.

आपल्या शाळेतला ऑटिस प्लँक आठवतो ना? जुलैत त्याला अर्धांगाचा झटका आला. पाय ठीक आहेत, जीभ तर जास्तच ठीक आहे, पण उजवा हात कामातून गेलाय. डॉक्टर म्हणतात, चाला, डोंगर चढा, काही हरकत नाही. हरकत आहे ती कॅम्पच्या नियमाची. रविवारी प्रत्येकानं पोर्चवर सगळ्यांसमोर आपली रायफल खोट्या काडतुसांनी तीनदा भरायची आणि तीनदा रिकामी करायची, कोणाच्याही मदतीशिवाय. जमलं नाही तर त्या वर्षी शिकार नाही, स्वयंपाकघरात बसून सगळ्यांसाठी रांधायचं. आणि पहिल्या दिवशी ज्याची बसायची जागा रिकामी राहिली, ती कायमची पुढच्याला जाते. ऑटिसची जागा झऱ्याच्या वरच्या हेमलॉक झाडाच्या बुंध्यापाशी आहे, डोंगरावरची सर्वांत चांगली. पुढचा नंबर व्हर्जिल कुट्झचा. त्यानं म्हणे बुंध्याच्या मापाची उशीसुद्धा शिवून घेतलीय.

हा नियम मीच केलेला आहे, १९४९ साली, आपल्या चुलतभावानं भरलेल्या रायफलीनं चुकून कॉफीची किटली उडवली तेव्हा. त्यामुळे ऑटिससाठी तो वाकवता येत नाही. तेव्हा सांग, एका हाताच्या माणसाला कुठली रायफल चालेल?

तुझा भाऊ,
हर्मन


ट्विन फोर्क, मोंटाना
२० सप्टेंबर १९७४

प्रिय हर्मन,

तुझं पत्र टाचणीनं भिंतीवर लावून ठेवावं असं आहे. हर्मन ड्रेसलर सल्ला मागतोय! शेजारच्या ग्रेटाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, भाऊ आजारी आहे का?

हे यंत्र मात्र तुला शोभत नाही. प्रत्येक ओळीत तीन चुका आणि वर खाडाखोड. आपल्या आईनं तुझ्या अक्षरासाठी तुझी बोटं पट्टीनं लाल केली, ती काय यासाठी?

आता ऐक. उत्तर सरळ आहे, लिव्हरवाली. ती डावीउजवी असा भेदभाव करत नाही. तुझ्या बोल्टची मूठ उजवीकडे, म्हणजे डावखुऱ्यानं प्रत्येक गोळीमागे रायफलीला मिठी मारून पलीकडे हात घालायचा. लिव्हर असते बरोबर मधोमध, चापाच्या खाली. डावा हात तिच्यातच असतो, खाली-वर केला की दुसरी गोळी तयार. पुढचा भाग उजव्या कोपराच्या खोबणीत टेकवला की झालं. शिवाय ती चपटी आणि हलकी. खोगिराला लावून मी दिवसभर फिरते, गुडघ्याला कळतसुद्धा नाही. तुझ्या बोल्टवालीची मूठ घोड्याच्या बरगडीत रुतते, आणि घोड्याला मतं असतात.

दोनशे यार्ड दोनशे यार्ड काय करतोस? तुमच्या त्या दाट रानात दोनशे यार्डांवरचं काय दिसतं? झाड. त्याच्यामागे झाड. ऑटिसला सांग, बाजारात जा आणि डोळे मिटून लिव्हरवाली घे. गोळ्या तेवढ्या चपट्या नाकाच्या घ्यायच्या, कारण नळीखालच्या नळकांड्यात त्या एकीच्या मागे एक बसतात, आणि टोकदार नाक पुढचीच्या बुडाला टोचलेलं बरं नाही.

आर्लीनला माझं प्रेम. तुझी ही बायको मला हल्ली लिहीत नाही ते का?

तुझी,
एडना


हेमलॉक रन
१ ऑक्टोबर १९७४

प्रिय एडना,

आर्लीन बागेत गुंतलीय.

तुझ्या सल्ल्याप्रमाणे अख्खा शनिवार घालवला. व्हर्जिलचीच लिव्हरवाली उसनी आणली, कशासाठी ते त्याला सांगितलं नाही. ती चालवायला तू म्हणतेस तशी सोपी आहे, मान्य. पण भरायची खिडकी उजव्या अंगाला. डाव्या हातानं रायफल मांडीवर उलटी घालून अंगठ्यानं एकेक काडतूस आत ढकलावं लागतं, आणि खिडकीची स्प्रिंग बोट चावते. तेही चालवून घेतलं असतं. खरी अडचण रिकामी करताना येते. एकेक काडतूस नळीत चढवून बाहेर काढायचं, म्हणजे प्रत्येक वेळी रायफलीचा घोडा चढलेला. आणि मध्येच थांबायचं तर तो घोडा चाप दाबून अंगठ्यानं हळूच खाली सोडायचा. दुसऱ्या हाताचा आधार नसताना, थंडीत, अंगठा घसरला तर? पोर्चवर खोटी काडतुसं असतील, बुंध्यापाशी खरी असणार. मी कॅप्टन म्हणून हे पास करणार नाही.

बाकीच्यांचाही विचार केला. पंपवाली या भागात सगळ्यांची लाडकी, आणि चपळ यात वाद नाही. पण तिला एक हात चापाला आणि एक हात पुढची मूठ मागेपुढे सरकवायला, दोन्ही धडधाकट लागतात. नुसता चाप ओढला की पुढची गोळी आपोआप चढणारी ऑटिसला सर्वांत सोयीची, पण आपल्या राज्यात हरणांसाठी तिला बंदी आहे. डाव्या मुठीची बोल्टवाली सांगून मागवावी लागते. दुकानदार म्हणाला मार्चमध्ये येईल. मार्चमध्ये ती घेऊन काय ससे मोजायचे?

एडना, बघणाऱ्याला वाटतं हात म्हणजे आहे किंवा नाही. तसं नसतं. सकाळी बाकी सगळा माणूस जागा होतो, बोटं तेवढी झोपून राहतात. कोटाचं एक बटण लागेपर्यंत कॉफी गार होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हस्तांदोलन. समोरचा हात पुढे करतो, याचा हात निघतो उशिरा आणि पोचतो भलतीकडे, मग दोघेही हसतात. ऑटिस म्हणतो, त्यापेक्षा कोणाला भेटूच नये.

व्हर्जिल परवा विचारत होता, बुंध्यावर ऊन किती वाजता येतं. मी सांगितलं, येतच नाही.

तुझा,
हर्मन


ट्विन फोर्क
९ ऑक्टोबर १९७४

हर्मन,

ऑटिस प्लँक डावखुरा आहे.

पाचवीत मिस हॉफर त्याचा डावा हात बाकाला रुमालानं बांधून ठेवायची, आणि तू गाठ सोडायचास म्हणून तुलाही छड्या पडायच्या. त्याचा उजवा हात गेला तर त्याला ख्रिसमसपर्यंत कळणारही नाही. साऱ्या हेमलॉक रनमधून तुला खोटं बोलायला नेमका तोच माणूस सापडला?

आधीच कळायला हवं होतं. टाइपरायटर, आर्लीनची बाग ऑक्टोबरात, खाली सही म्हणून ते गोगलगाईनं काढलेलं नाव. मी मात्र लिव्हरची पोथी वाचत बसले. पण कोटाच्या बटणाचं वाचलं आणि पत्र हातातून खाली ठेवलं. असलं काही ऑटिसनं तुला सांगितलेलं नसतं. ते ज्याचं त्यालाच माहीत असतं. मी खूप रडले, आणि मग तुला शिव्या दिल्या, आणि मग आर्लीनला फोन केला. तिला रागावू नकोस. जुलैपासून तिनं तोंड शिवून ठेवलंय, तू तिच्याकडून शपथ घेतलीस म्हणून. हर्मन, मी तुझी मोठी बहीण आहे. झटका आल्यावर मला नाही तर कोणाला सांगायचं?

आता तुझी लबाडी झाली, माझीही ऐक. खोगीर, दिवसभराची रपेट, घोड्याची मतं, ते सगळं जुनं आहे. घोडा दोन वर्षांपूर्वी विकला. खुब्याचं हाड साथ देत नाही. लिव्हरवाली दर रविवारी काढते, खुर्चीत बसून तेल लावते आणि परत ठेवते. पत्रांत तेवढी मी अजून रपेटीला जाते. कारण तू त्या पत्रांना उत्तर देतोस तेव्हा मलाही खोगिरावर असल्यासारखं वाटतं. तेव्हा आपण दोघेही लबाड आहोत, आणि हे घराण्यातलंच असणार.

रडणं संपलं. कामाचं बोलू. आपण दोघं चाळीस वर्षं दुसरी गोळी किती लवकर येते यावर भांडत आलो. तुला दुसरी नकोच आहे. तुला हवी एकनळी, मधोमध मोडून उघडणारी. अंगठ्यानं खटका दाबला की नळी आपोआप खाली झुकते. काडतूस घातलं, वर उचललं, बंद. उघडली की आरपार उजेड दिसतो, भरलेली की रिकामी हे लांबूनही कळतं. बंदुकीचा घोडा चढवायचा तो हरीण समोर आल्यावरच. सगळं एका हाताचं काम आहे. दस्ता गुडघ्यांत धर.

हो, मला माहीत आहे. बारा वर्षांच्या पोरांना पहिल्या मोसमात घेऊन देतात तीच. मान खाली घाल आणि घे.

तुझी बहीण,
एडना


हेमलॉक रन
२१ ऑक्टोबर १९७४

प्रिय एडना,

तुझं पत्र आर्लीननं वाचून दाखवलं. मधेच तिनं ते माझ्याकडे सरकवलं, मग मी वाचलं, मग मी परत तिच्याकडे सरकवलं. तुला सांगितलं नाही कारण तुला सांगितलं की ते खरं झालं असतं. घोड्याचं वाचून वाईट वाटलं. तरी पुढच्या पत्रात त्याच्या मतांबद्दल लिहीत जा, मला ती आवडायची.

एकनळी घेतली. मुद्दाम दोन गावं पलीकडच्या दुकानात गेलो, ओळखीचं कोणी नको म्हणून. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, नातवासाठी का? मी हो म्हणालो. तो म्हणाला, वय काय? मी म्हणालो, बारा, पण अंगानं थोराड आहे. मग त्यानं मला अर्धा तास सुरक्षिततेचे धडे दिले, नातवाला सांगण्यासाठी. एडना, तो माणूस अर्ध्या गोष्टी चुकीच्या सांगत होता आणि मला गप्प बसावं लागलं. निघताना पहिल्या मोसमातल्या मुलांची चित्रांची पुस्तिका फुकट दिली. आर्लीननं ती बाथरूममध्ये ठेवलीय.

चाळीस वर्षं कारखान्यात दुसऱ्यांच्या यंत्रांचे भाग घासले, आता स्वतःसाठी थोडं काम केलं. बंदुकीच्या घोड्याला डावीकडून अंगठा बसेल असा कानासारखा तुकडा बसवला, आणि नळी टेकवायला बेचक्याची काठी केली. पण डाव्या खांद्यावरून नेम धरला की समोर दोन टिनचे डबे दिसतात, आणि मी नेमका जो नाही त्यालाच मारतो.

हर्मन


ट्विन फोर्क
२९ ऑक्टोबर १९७४

प्रिय हर्मन,

चष्म्याच्या उजव्या काचेवर चिकटपट्टी लाव. साठ वर्षं तो डोळा मालक होता, तो गुपचूप हुकूम सोडत राहणार. त्याच्यासमोर पडदा ओढ.

दुसरं काडतूस खिशात असू दे, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. हरीण आडवं उभं राहीपर्यंत थांब. तुला बोल्टनं एक वाईट सवय लावलीय, पहिली गोळी जरा लवकर झाडायची.

घोडा मजेत आहे. म्हणतो, बेचक्याची काठी कशाला, माणसाला चार पाय असतात.

एडना


ट्विन फोर्क
२२ नोव्हेंबर १९७४

हर्मन,

तीन आठवडे झाले, एक ओळ नाही. आर्लीनला फोन केला तर म्हणते, तो मागच्या शेतात असतो, डब्यांचा आवाज येतोय, याचा अर्थ तो जिवंत आहे. मला एवढ्यानं भागवायला सांगतेस का, असं तिला विचार.

स्वयंपाकघरात बसायची पाळी आली तर जगबुडी होत नाही हे सांगणार होते. मग लक्षात आलं की माझ्या खुर्चीत बसून मी हे तुला सांगू नये. तेव्हा सांगत नाही. जा आणि तुझ्या जागेवर बस.

एडना


हेमलॉक रन
४ डिसेंबर १९७४

प्रिय एडना,

आत्ता डोंगरावरून खाली आलोय, बूट अजून पायात आहेत, आर्लीन ओरडतेय. पण आधी तुला.

रविवारी वर पोचलो तेव्हा सगळ्यांना काहीतरी माहीत होतं आणि जो तो हवेबद्दल बोलत होता. मी कॅप्टन, मीच परीक्षा घेणारा आणि मीच देणारा, हे बरं दिसेना. मी म्हटलं, माझी परीक्षा दुसऱ्या कोणीतरी घ्यावी. सगळ्यांनी बुटांकडे बघितलं. शेवटी पुढच्या नंबराचा माणूस म्हणून व्हर्जिल उभा राहिला. मनात म्हटलं, संपलं.

ती पोरांची बंदूक पिशवीतून काढली तेव्हा एक-दोघं हसले, पण कुचेष्टेनं नाही. पायरीवर बसलो, दस्ता गुडघ्यांत धरला, खटका दाबला, काडतूस घातलं, नळी वर उचलली. मग उघडून काढलं. एकदा झालं. दुसऱ्यांदा जरा वेळ लागला, बोटं गारठली होती. कोणीतरी म्हणालं, गुडघ्यांत धरणं चालतं का, ती मदत नाही का?

मी म्हटलं, "गुडघे माझेच आहेत."

व्हर्जिलनं मान डोलावली.

तिसऱ्यांदा काडतूस बोटांतून निसटलं आणि पायरीवरून खाली ताज्या बर्फात गेलं. बर्फ घोट्याच्या वर होता. मी खाली उतरलो, गुडघ्यांवर बसलो आणि चाचपायला लागलो. ऑटिस उचलून द्यायला वाकला. व्हर्जिल त्याच्यावर खेकसला, "हात लावू नकोस. नियम आहे." मला त्याचा इतका राग आला म्हणून सांगू. मग तो माझ्याकडे वळला. म्हणाला, "नियमात वेळेचं काही लिहिलेलं नाही. तुझं चालू दे, हर्मन, मी कॉफी पितो."

आणि तो खरंच कप घेऊन कठड्यापाशी येऊन उभा राहिला. एडना, तो माणूस उभ्या जन्मात कधी गप्प बसलेला नाही. पण कॉफी पिताना तो एकही शब्द न बोलता बर्फातल्या एकाच जागेकडे बघत राहिला. मी बराच वेळ दुसरीकडे शोधल्यावर तो खाकरला आणि परत तिथेच बघायला लागला. मग मला कळलं. तिथे हात घातला तर काडतूस मिळालं. भरलं, काढलं, तिसऱ्यांदा झालं. व्हर्जिलनं वहीत माझ्या नावापुढे खूण केली आणि आत जाऊन जेवण लांबलं म्हणून सगळ्यांना शिव्या दिल्या. त्या उशीबद्दल मी जे जे बोललो ते मागे घेतो.

सोमवारी उजाडायच्या आत बुंध्यापाशी होतो. वाटेत चार वेळा बसलो, पण पोचलो. झऱ्याचा आवाज तसाच आहे. आठ वाजून चाळीस मिनिटांनी नर आला, सहा टोकांची शिंगं, साठ यार्डांवर, वाऱ्याकडे तोंड करून. तू सांगितलंस तसं थांबलो. तो आडवा झाला. घोडा चढवला, बेचक्यात नळी टेकवली, श्वास सोडला आणि चाप ओढला.

त्याच्या डोक्यावरच्या फांदीवरचा सगळा बर्फ खाली आला. त्याच्या पाठीवर, शिंगांवर. त्यानं अंग झटकलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि चालत निघून गेला, पळालासुद्धा नाही. मी बंदूक उघडली, दुसरं काडतूस घातलं, बंद केली. तेवढ्यात तो बहुधा शेजारच्या काउंटीत पोचला असेल. बोल्टवाली असती तर, हे तुझ्या मनात येण्याआधीच सांगतो, बोल्टवाली असती तर पहिली चुकलीच नसती.

आवाज ऐकून व्हर्जिल खालच्या जागेवरून धापा टाकत वर आला, हरीण ओढायला दोर घेऊन. नर जखमी तर नाही ना झाला म्हणून आम्ही दोघांनी त्याच्या पावलांचा दोनशे पावलं माग काढला. रक्ताचा एक थेंब नाही, एक केससुद्धा नाही. स्वच्छ चुकलो होतो. व्हर्जिल म्हणाला, "हर्मन, मला फार वाईट वाटतंय," आणि मग त्याला इतकं हसू आलं की त्याला खाली बसावं लागलं.

तुला आमची रीत आठवत असेल. ज्याचा नेम चुकतो त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक संध्याकाळी कापतात, त्यावर नाव आणि वर्ष लिहितात आणि शेगडीमागच्या भिंतीला ठोकतात. पंचवीस वर्षं कात्री माझ्या हातात होती. जेवण झालं. कोणी कात्रीचं नावच काढेना. आजारी माणूस, आधीच एवढं झालेलं, असं काहीतरी प्रत्येकाच्या तोंडावर होतं. मला ते सहन होईना. मी उठलो, कात्री काढली, व्हर्जिलच्या हातात दिली आणि त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो.

त्यानं अगदी कमरेपर्यंत कापला. नवा लाल लोकरीचा सदरा, आर्लीननं वाढदिवसाला दिलेला. ती म्हणते मी शिवून देणार नाही, आणि मी म्हटलं शिवायचा नाहीच आहे. सगळे टेबलं बडवत होते, ऑटिस त्याच्या त्या डाव्या हातानं माझ्या पाठीत थापा मारत होता, आणि मी हसताहसता रडत होतो, कोणाला दिसेल याची फिकीर न करता. माझा तुकडा आता भिंतीवर आहे, बाकी सगळ्यांच्या ओळीत. स्वयंपाक्याचा सदरा कोणी कापत नाही, एडना.

तुझा भाऊ,
हर्मन